वाणीच्या मुळाशी श्वास

(पन्हाळा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसाठी झालेल्या निवासी अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



या सत्राचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. चार लोकांपुढे उभे राहून बोलताना वाटणारी भीती आणि ती आवरण्यासाठी श्वास व ध्यान यांचा होणारा उपयोग, एवढाच तो विषय आहे. राष्ट्रापुढील मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा ज्या वर्गात होते, तेथे हा विषय कशाला, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु ज्यांना मोठ्या प्रश्नांवर बोलायचे आहे, त्यांचे पाय पहिल्या पायरीवरच लटपटत असतील, तर पुढचे सारे विवेचन वहीतच राहते.

या भीतीला आपल्या भाषेत किती वाक्प्रचार आहेत पाहा. बोबडी वळते, वाचा बसते, तोंडचे पाणी पळते, घशाला कोरड पडते, पाचावर धारण बसते. समाजाने एकाच अनुभवासाठी इतके शब्द घडवले, याचा अर्थ तो अनुभव जुना आहे आणि सर्वांचा आहे. म्हणून ज्याला तो येतो त्याने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

न बोलण्याची किंमत

मात्र या भीतीची किंमत आपण मोजली पाहिजे. गावातील ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. वस्तीवर पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, कोणती तोटी सहा महिने बंद आहे, हे ज्या माउलीला सर्वांत चांगले ठाऊक असते, ती मागच्या रांगेत पदर सावरून बसलेली असते. बोलतो तो, ज्याच्या घरी पाणी पोहोचलेले असते. ठराव होतो आणि ती घरी परतते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींमध्ये महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्याने खुर्ची दिली, पण कंठ देणे कायद्याच्या हाती नाही. सरपंच ताई खुर्चीवर बसल्या आहेत आणि त्यांच्या वतीने यजमान बोलत आहेत, हे दृश्य आपल्या जिल्ह्यांतून अजून पुरते मावळलेले नाही. त्यामागे घरातील धाक असतो, तसा ‘चारचौघांत बोलताना माझी फजिती होईल’ हा धसकाही असतो.

हीच गोष्ट मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाची आहे. रात्र रात्र जागून ज्याने अभ्यास केला, तो तीन परीक्षकांपुढे आपले नाव सांगताना अडखळतो. तीच कार्यकर्त्याची. वर्षानुवर्षे सेवावस्तीत काम करणारा मनुष्य दोन मिनिटांचे निवेदन करायला सांगितले की दुसऱ्याचे नाव पुढे करतो. आपण याला नम्रता म्हणतो. काही वेळा ती नम्रता असतेही, पण बहुधा ती भीती असते आणि नम्रतेच्या नावाखाली ती आयुष्यभर सुखाने नांदते. जो बोलत नाही त्याचे एकट्याचे नुकसान होत नाही. ज्यांच्या वतीने तो बोलणार होता, त्या सर्वांचे होते.

मोठ्यांचीही छाती धडधडली

वक्ता जन्मावा लागतो, अशी एक समजूत आहे. तिचे निराकरण दोन उदाहरणांनी होईल.

स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये परिव्राजक अवस्थेत आपल्या या कोल्हापुरावरून बेळगावला गेले होते. तेव्हा त्यांना ओळखणारे थोडे होते. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९३ रोजी, ते शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेच्या व्यासपीठावर बसले होते. समोर हजारोंचा समुदाय होता. त्या दिवशीच्या भाषणाने काय घडवले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी काय घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. स्वामीजींनी मद्रासमधील आपल्या शिष्याला नोव्हेंबर महिन्यात लिहिलेल्या पत्रात ते मोकळेपणाने नमूद केले आहे. छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडत चालली होती आणि सकाळच्या सत्रात बोलण्याचे धाडसच झाले नाही. इतरांनी भाषणे लिहून आणली होती, यांच्याजवळ काहीच नव्हते. अखेर दुपारी सरस्वतीला मनोमन वंदन करून ते उभे राहिले. पुढे १८९६ मध्ये ज्यांचा ‘राजयोग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ज्यांनी प्राणायामाचा विचार पाश्चात्त्य जगापुढे मांडला, त्यांच्याही जिभेला कोरड पडली होती, हे आपण लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिला खटला चालवण्यास उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तो खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यावा, असे त्यांनी सांगितले. आत्मचरित्रात हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी पुढे असेही म्हटले आहे की, या बुजरेपणामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली. म्हणजे भीतीतूनही काही कमावता येते.

शरीरात घडते तरी काय?

आता थोडे शरीराकडे वळू. संकट समोर आले की आपल्या मज्जासंस्थेचा एक भाग शरीराला झुंजायला किंवा पळायला सज्ज करतो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय जलद चालते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून बोटे गार पडतात. पचनाचे काम मंदावते, म्हणून तोंड कोरडे पडते आणि पोटात गोळा येतो. श्वास उथळ व जलद होऊन छातीच्या वरच्या भागात अडकतो. रानात वाघ समोर आला असता तर ही सारी व्यवस्था प्राण वाचवणारी ठरली असती. अडचण एवढीच की शरीराला वाघ आणि श्रोता यांतील फरक कळत नाही.

या व्यवस्थेला तोलून धरणारी दुसरी व्यवस्था निसर्गानेच दिली आहे. ती हृदयाला मंद करते, पचन सुरू करते, शरीराला विसावा देते. हृदयाला ‘सावकाश चाल’ असे सांगून ते ऐकत नाही. पोटातील गोळ्याला आज्ञा देता येत नाही. परंतु श्वास ही क्रिया अशी आहे की ती आपोआपही चालते आणि इच्छेनेही चालवता येते. म्हणून शरीराच्या त्या बंद दाराची कडी आपल्या हाती येते ती श्वासातून.

याचा अनुभव आत्ताच घेऊ. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटे ठेवा आणि नाडी शोधा. आता सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. पुन्हा एकदा. अनेकांना, विशेषतः तरुणांना, जाणवेल की श्वास आत येताना नाडी किंचित जलद होते आणि बाहेर जाताना मंदावते. ही कल्पना नव्हे, निरोगी हृदयाचा हा स्वभावच आहे. म्हणून उच्छ्वास जितका दीर्घ, तितका वेळ हृदयाला विसाव्याचा निरोप जात राहतो. घाबरलेल्या माणसाला आपण ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगतो. खरे तर ‘दीर्घ श्वास सोड’ असे सांगितले पाहिजे.

पतंजलींचे निदान

आपल्या पूर्वजांनी हे यंत्रांवाचून ओळखले होते. पतंजलींच्या योगसूत्रांतील पहिल्या पादात चित्ताला विचलित करणाऱ्या अंतरायांची यादी आहे. त्यानंतर एकतिसाव्या सूत्रात त्या विक्षेपांचे सोबती सांगितले आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. अंगाच्या कंपाला तेथे ‘अंगमेजयत्व’ असा शब्द आहे. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या नवख्या वक्त्याचे याहून नेमके वर्णन कोण करील? हातातील कागद थरथरतो आहे आणि श्वास पुरत नाही. लगेच पुढे, चौतिसाव्या सूत्रात, मन प्रसन्न करण्याच्या उपायांमध्ये श्वास बाहेर टाकण्याचा व तो नियंत्रित करण्याचा उपाय आलेला आहे. तेथेही आरंभ उच्छ्वासापासून आहे, हे ध्यानात घ्यावे.

या परंपरेला प्रयोगशाळेत नेण्याचे काम महाराष्ट्राच्या भूमीवर झाले. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरणांच्या व दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचा अभ्यास करण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता. जुने ते सोनेच असले पाहिजे, असे त्यांनी गृहीत धरले नाही. ते तपासून पाहिले आणि जेवढे कसाला उतरले तेवढे निःशंकपणे मांडले. परंपरेचा अभिमान बाळगण्याची ही रीत आपणही शिकावी.

इटलीतील पाव्हिया येथील डॉ. बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र, या दोहोंच्या पठणात श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत येते आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब यांच्यातील स्वाभाविक ताळमेळ सुधारतो, असे त्यांना आढळले. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. भिन्न देश, भिन्न भाषा, भिन्न उपासना आणि श्वासाची लय मात्र एकच! आपल्या आजीची जपमाळ किती अंगांनी काम करीत होती, हे यावरून कळते.

कोल्हापूरचा ‘दम’

पण पोथीपर्यंत किंवा प्रयोगशाळेपर्यंत न जाताही हे शास्त्र आपल्या बोलण्यात आहे. ‘जरा दम धर’, ‘दम खा’ असे आपण म्हणतो. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धीर. संस्कृतात दम म्हणजे इंद्रियांचा निग्रह. शब्दांची कुळे वेगळी, पण मराठी माणसाच्या तोंडी तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. संकट टळले की तोंडून ‘हुश्श’ निघते. तो दीर्घ उच्छ्वासच आहे. आपल्याला शिकायचे आहे ते एवढेच की, ‘हुश्श’ भाषणानंतर म्हणण्याऐवजी भाषणाआधी म्हणावे.

आणि दम म्हणजे काय हे कोल्हापुरात वेगळे सांगावे लागत नाही. तालमीतील वस्ताद पठ्ठ्याला डाव शिकवण्याआधी त्याचा दम वाढवतात. ज्याचा श्वास कुस्तीच्या आरंभीच फुलला, त्याला सारे डाव पाठ असूनही उपयोग होत नाही. गाण्यातही तेच. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी होते. त्या घराण्याच्या लांब पल्ल्याच्या तानांमागे दमसासाची कठोर मेहनत असते. मल्लाने दम कमवावा, गवयाने कमवावा आणि वक्त्याने मात्र तसेच उभे राहावे, हे कसे चालेल?

पन्हाळ्याचा पुराणिक

ज्या गडावर आपण बसलो आहोत, त्याच गडावर १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला. येथेच केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांच्यापाशी त्यांचे काव्य-व्याकरणाचे अध्ययन झाले. गडावरील ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. पंडित कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण उपजीविकेने ते पुराणिक होते. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांनी पुराणे सांगितली आणि १७९४ मध्ये तेथेच देह ठेवला. म्हणजे पन्हाळ्याच्या या सुपुत्राचे आयुष्य श्रोत्यांपुढे बोलण्यात गेले. त्यांच्या आर्या पुढे पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांच्या मुखी राहिल्या.

मोरोपंतांचा आपल्या विषयाशी संबंध छंदातून येतो. आपल्या छंदःशास्त्रात ‘यती’ नावाची कल्पना आहे. यती म्हणजे चरणात विसावण्याची जागा. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. त्याच्या प्रत्येक चरणात सतरा अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरानंतर यती येतो. मोरोपंतांची आर्या बहुधा गीती या प्रकारची, म्हणजे बारा आणि अठरा मात्रांच्या दोन समान ओळींची. जुन्या पंतोजींनी मुलांकडून हे पाठ करून घेतले, तेव्हा काव्याबरोबर कोठे थांबावे, एका श्वासात किती शब्द पेलतात, ओळीच्या शेवटी आवाज कसा पडू देऊ नये, हेही शिकवले जात होते. पंतांनी रामायणे रचली ती एकशे आठ. त्यांतील निरोष्ठ रामायण ओठ जुळवून उच्चारावी लागणारी अक्षरे टाळून रचलेले आहे. ते मोठ्याने वाचून पाहिले की आपण एरवी किती बेफिकिरीने उच्चार करतो ते ध्यानात येते. नवख्या वक्त्याला पन्हाळ्यावरून घरी नेण्यासारखी वस्तू कोणती, असे विचारले तर मी मोरोपंत असेच उत्तर देईन.

रोजचा पाठ

आता प्रत्यक्ष कृती. रोज २५ मिनिटे पुरेत, पण रोज. भाषणाच्या दिवशी प्रथमच प्राणायाम करणारा मनुष्य आग लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या पंक्तीत बसतो.

पहिली दहा मिनिटे श्वासासाठी. सुखाने ताठ बसावे, मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. एक हात पोटावर ठेवावा. नाकाने श्वास घेताना पोट हळूच पुढे यावे, खांदे वर उचलू नयेत. मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. अंक सेकंदाच्या गतीने मोजले तर मिनिटाला सहा आवर्तने होतात. पुढे सवय झाल्यावर पूरकाच्या दुप्पट रेचक करावा. ओढाताण होऊ देऊ नये. श्वास कोंडून धरण्याची आपल्या कामासाठी मुळीच आवश्यकता नाही.

त्यानंतर सात वेळा भ्रामरी. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करीत श्वास सोडायचा. यात उच्छ्वास आपोआप लांबतो आणि कंठही तयार होतो. गाणारे लोक मिटल्या ओठांनी आवाज तापवतात, त्याचीच ही भगिनी आहे.

पुढील पाच मिनिटे ध्यानासाठी. ध्यान म्हणजे मन कोरे करणे, अशी अपेक्षा धरून बसणारे दोन दिवसांत उठतात. आपल्याला एवढेच करायचे आहे: नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे किंवा इष्टदेवतेच्या नामाकडे लक्ष ठेवावे, मन भरकटले की ते कोठे गेले हे ओळखावे आणि न चिडता परत आणावे. शंभर वेळा गेले तर शंभर वेळा आणावे. हे परत आणणे हाच व्यायाम आहे. व्यासपीठावर याचाच उपयोग होतो. ‘मागे बसलेले ते गृहस्थ का हसले?’ हा विचार तेथे येणारच. ज्याला सवय आहे तो ‘हा विचार आला’ असे ओळखून विषयाकडे वळतो. ज्याला सवय नाही तो त्या गृहस्थांच्या मागे जातो आणि भाषण हरवून बसतो.

उरलेला वेळ मोठ्याने वाचनासाठी. मोरोपंत, तुकोबा, समर्थ किंवा आजच्या वृत्तपत्राचा अग्रलेख, काहीही चालेल. यतीवर थांबावे, स्वल्पविरामावर अर्धा आणि पूर्णविरामावर पुरता श्वास घ्यावा. घरातील कोणीतरी दाराशी उभे राहून शेवटचा शब्द ऐकू येतो का ते सांगावे. माता-भगिनींनी मुलांना सोबत घेऊन हा उपक्रम केला तर दिवेलागणीला घरात दोन पिढ्यांची वाणी एकदम घडेल.

याच्या जोडीला पायऱ्यापायऱ्यांनी बोलण्याची संधी घेतलीच पाहिजे. आधी बैठकीत सुभाषित सांगावे, मग वृत्त वाचावे, मग आभार मानावेत, मग पाहुण्यांचा परिचय करून द्यावा, मग पाच मिनिटांचे निवेदन. श्वासाने भीतीची धार बोथट होते, ती पुरती ओसरते ते मात्र पुन्हा पुन्हा उभे राहिल्यानेच.

प्रत्यक्ष प्रसंगी

भाषणाच्या दिवशी पोट जड करू नये. धीर यावा म्हणून चहाचे पेल्यावर पेले रिचवू नयेत. त्याने छातीची धडधड वाढते. वेळेआधी जाऊन सभास्थान पाहावे, ध्वनिक्षेपक तपासावा. नाव पुकारण्यापूर्वी बसल्या जागी सहा दीर्घ उच्छ्वास करावेत. शेजाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. उभे राहिल्यावर दोन्ही पावले जमिनीवर घट्ट टेकवावीत, समोर पाहावे, एक श्वास पूर्ण सोडावा, नवा घ्यावा आणि मग संबोधन उच्चारावे. ही दोन-तीन सेकंदे वक्त्याला युगासारखी वाटतात. श्रोत्यांना तो भारदस्तपणा वाटतो.

पहिली तीन वाक्ये आणि शेवटचे वाक्य मुखोद्गत असावे, मधले मुद्दे टिपणावर. बोलताना मध्येच विस्मरण झाले तर घाईने काहीबाही बोलू नये. थांबावे, घोटभर पाणी प्यावे, श्वास सोडावा आणि आपलेच आधीचे वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणावे. बहुधा पुढचा धागा त्याच्यामागून येतो.

एक महत्त्वाची सूचना मनाविषयी. छाती धडधडू लागली की ‘मी घाबरलो आहे’ असे मनाशी म्हणू नये, ‘शरीर कामाला सज्ज होत आहे’ असे म्हणावे. हार्वर्डमधील संशोधिका अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक चांगली झाली. धडधड तीच, तिचे नाव बदलले. म्हणून श्वासाने धडधड शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. ती लगामात आली की पुरे. लगामातला घोडाच स्वाराला पुढे नेतो.

काही पथ्ये

भाषणाच्या तोंडावर भस्रिका किंवा कपालभाती करू नये. जलद श्वासाने रक्तातील कर्बवायू घटून भोवळ येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी कुंभक व जलद क्रिया जाणकाराच्या मार्गदर्शनावाचून करू नयेत. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत. दम्याच्या रुग्णाला त्यांतील काही अपायकारक ठरतात.

आणि ज्यांची भीती व्यासपीठापुरती राहिलेली नाही, जे लग्नकार्याला जाणे, दूरध्वनी उचलणे, महाविद्यालयात हजेरी देणे टाळू लागले आहेत, त्यांना ‘प्राणायाम कर, सगळे ठीक होईल’ असे सांगून बोळवण करणे हा अन्याय आहे. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शांत श्वासाला सत्याची जोड

शेवटचा मुद्दा या सर्वांहून मोठा आहे. श्वास शांत ठेवून असत्यही शांतपणे बोलता येते. ठगाची वाणी अडखळत नाही. म्हणून तंत्र हे अभ्यासाच्या आणि प्रामाणिकपणाच्या हाताखालीच असले पाहिजे. आकडा तपासलेला आहे, प्रसंग पारखलेला आहे, ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना भेटून झाले आहे, या खात्रीने जो धीर येतो तो कोणत्याही प्राणायामाने येत नाही. ज्याला विषय ठाऊक आहे त्याचे भय श्वासाने आवरते. ज्याला तो ठाऊक नाही त्याने भय आवरण्याआधी वाचनालय गाठावे.

या गडाला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या सूचीत मराठ्यांच्या अन्य अकरा दुर्गांसह स्थान मिळाले. येथील तटबंदी पाहताना १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा आठवावा. मार्च ते जुलै, भर पावसापर्यंत तो चालला. शिवरायांनी घाईने काही केले नाही. वाटा हेरून ठेवल्या, बोलणी लावली, शत्रूला गाफील होऊ दिले आणि वेळ येताच एका रात्रीत गड सोडला. त्या रात्री महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशिदांची कथा परंपरेने जपली आहे. शत्रूच्या छावणीत प्रश्नांची उत्तरे देताना त्यांनी आपला श्वास कसा सांभाळला असेल, याचा क्षणभर विचार करा. त्यांचा शब्द अडखळला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. त्यांच्या धैर्याशी आपल्या भित्रेपणाची तुलना करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही एवढे नक्की कळते की, माणसाला आपल्याहून मोठे काही वाचवायचे असते, तेव्हा त्याची वाणी स्थिर होते.

आपल्याला ग्रामसभेत उठून ‘आमच्या वस्तीवर पाणी येत नाही’ एवढेच सांगायचे आहे. त्यासाठी प्राण पणाला लावावे लागत नाहीत. लागतो तो एक पूर्ण सोडलेला श्वास आणि ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांचे स्मरण.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे आहे. विषय एकच: आपल्या गावातील किंवा प्रभागातील एक अडचण आणि ती कोणाला भोगावी लागते. ज्या आजवर कधीही बोललेल्या नाहीत, त्या भगिनी पहिल्यांदा बोलतील. तोवर भोजनानंतर तीन दरवाजापर्यंत चालून या आणि वाटेने मोजत राहा, चार आत, सहा बाहेर.